पहिलीची चौकट

माझ्या पोटच्या पोरीनं मला नंबर दोन करून टाकलं, आणि तेही फुकटात.

झालं असं की आमची लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते आणि दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. त्या रविवारी म्हणाली, "आई, बाबा, एक गंमत दाखवते." आणि तिनं स्क्रीनवर आमची वंशावळ आणली. कुठलीशी वेबसाइट आहे म्हणे. एक पैसा लागत नाही. आपण नावं भरायची, ती आपोआप चौकटी काढते आणि रेघा जोडते. वर सासू-सासरे, त्यांच्याखाली आमचे हे आणि नणंद, यांच्या शेजारी मी, खाली लेक. इथवर सगळं छान होतं. पण यांच्या चौकटीतून दोन रेघा निघाल्या होत्या. एक माझ्याकडे आली होती, आणि दुसरी डावीकडच्या एका चौकटीकडे गेली होती. त्या चौकटीवर लिहिलं होतं 'पत्नी १'. माझ्या डोक्यावर 'पत्नी २'.

"हे काय गं?" मी विचारलं.

"अगं, ते साइट स्वतःच टाकते. लग्नाच्या वर्षाप्रमाणे."

"मग साइटला सांग, काढ म्हणावं."

"आई, खरंय ते. बाबांचं पहिलं लग्न झालं होतं ना?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे चहात बिस्कीट बुडवत होते. बिस्कीट तुटून कपात पडलं तरी मान वर केली नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आता सांगते. यांचं पहिलं लग्न वर्षभरही टिकलं नाही. ती आजारी पडली आणि गेली. त्यानंतर काही वर्षांनी मी आले, आणि आता आमच्या संसाराला तीस वर्षं होऊन गेलीत. एवढ्या काळात या माणसानं तिच्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. घरात तिचा एक फोटो नाही. सासूबाई होत्या तेव्हा माझी भाकरी जरा करपली की सुस्कारा टाकून म्हणायच्या, "ती असती तर..." आणि पुढचं गिळून टाकायच्या. ती असती तर काय झालं असतं, हे मला कुणी कधी सांगितलंच नाही. आणि हे तर तसे घुमेच. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम केलं. दिवसभर त्या विहिरीसारख्या चौकोनात उतरायचं, तारा बघायच्या, आणि घरी येऊन गप्प बसायचं. पण तिच्याबाबतीतलं गप्प बसणं वेगळं होतं. मला वाटायचं, माणूस ज्याच्याबद्दल बोलतच नाही, तेच त्याच्या सगळ्यात आत असणार. मी मेली वरवरची. माझ्याशी हे वीजबिलाबद्दल बोलायचे.

म्हणजे सरळ सांगायचं तर मी जळत होते. जी बाई मी कधी पाहिली नाही, जिनं माझं काडीचं वाकडं केलं नाही, तिच्यावर मी तीस वर्षं जळत आले. जिवंत सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

"आणि तिच्या चौकटीत नाव सोडून काहीच कसं नाही?" मी लेकीला विचारलं.

"कुणाला माहीतच नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, जाऊ दे. तूच शोध की. सगळं फुकट असतं आता. लायब्ररीत जा, जुनी वर्तमानपत्रं कॉम्प्युटरवर टाकलीत त्यांनी."

ती चेष्टेत म्हणाली. मी मात्र मनावर घेतलं.

का, तेही सांगते. मी एका लाँड्रीत काउंटरवर आहे. माझं काम कपडे घ्यायचे, खिसे तपासायचे आणि डाग शोधायचे. गिऱ्हाईक म्हणतं, "स्वच्छच आहे हो, नुसतं ड्रायक्लीन करा." मी कोट उलटा करून उजेडाला धरते. बाहीच्या आत, कॉलरच्या मागे कुठेतरी असतोच. माझ्या हातून निष्कलंक कापड अजून गेलेलं नाही. मग ही बाई कोण लागून गेली? म्हटलं, हिलाही एकदा उजेडाला धरू. काहीतरी निघेलच, आणि जे निघेल ते मी स्वतः त्या चौकटीत भरीन. मग बघू, हे कसे गप्प बसतात.

लायब्ररीत खिडकीपाशी कॉम्प्युटर ठेवलेत. कार्डावर तासभर मोफत वापरता येतात. तिथली ग्रंथपाल जाड चष्म्याची एक तरतरीत मुलगी आहे. मी तिला मनात चष्मेवालीच म्हणायचे. मी तिला सांगितलं, घराण्याचा इतिहास शोधायचाय, पण मला यातलं ओ की ठो कळत नाही.

"काही हरकत नाही," ती म्हणाली. "सगळे असेच सुरू करतात. आधी स्वतःपासून सुरुवात करा आणि मागं मागं जा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कागद कुठं पळून जात नाहीत, माणसं जातात. आणि जे मिळेल ते कुणाकडून मिळालं, हे शेजारी लिहून ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच कळणार नाही, खरं काय आणि ऐकीव काय."

"बरं," मी म्हटलं. तिनं विचारलं, "कोणाला शोधायचंय?" "नात्यातली आहे एक," मी म्हटलं. खोटं काय त्यात?

सुरुवात स्वतःपासून करायची हे मी सोडूनच दिलं. माझ्यात काय शोधायचंय? मी थेट पहिलीचं नाव टाकलं, पुढे आमचं आडनाव टाकलं आणि बटण दाबलं. तीन-चार खेपा काहीच आलं नाही. आणि मग एका दुपारी, लाँड्रीच्या जेवणाच्या सुट्टीत गेले होते, तर स्क्रीनवर आली बातमी. नाव तेच, आडनावही तेच. नळावरच्या भांडणात या बाईनं शेजारणीला बादली फेकून मारली, शेजारणीचा दात पडला आणि कोर्टानं बाईला दंड केला.

काय सांगू, मला त्या खुर्चीत उड्याच मारायच्या बाकी होत्या! दात पाडला! अशी होय ती 'ती असती तर'! मी मोबाइलवर त्या बातमीचा फोटो काढला, आणि संध्याकाळी घरी येऊन चौकटीत चढवला. खाली लिहिलं, 'स्वभाव तापट.' त्या दिवशी मी यांना दोन वेळा चहा केला, न मागता.

रविवारी लेकीचा फोन आला तो हसतच. तिला हसू आवरेना.

"आई, अगं त्या बातमीवरचं वर्ष बघितलंस का?"

"का?"

"बाबांच्या पहिल्या लग्नाच्या आधीचं आहे ते. तेव्हा तिचं आडनाव आपलं कसं असेल? ती दुसरीच कुणीतरी बाई आहे. तू माहेरच्या नावानं शोधायला हवं होतंस."

खरं सांगते, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या लेखी ती बाई आमच्या घरातच उगवली आणि आमच्या घरातच मावळली. तिलाही आई-बाप असतील, तिचंही एक माहेरचं आडनाव असेल आणि त्या नावानं ती वीस-बावीस वर्षं वावरली असेल, हे सुचायला नको का? मी स्वतः माहेरचं नाव टाकून आलेली बाई. तरीही नाही सुचलं. मत्सरानं डोळ्यांवर कातडं ओढलं की असंच होतं. बादलीवाली बाई मी निमूटपणे काढून टाकली. जाता जाता तिचं मला जरा वाईटच वाटलं.

मग मी यांना विचारलं. हे मोरीतल्या नळाचा वायसर बदलत होते.

"अहो, पहिलीचं माहेरचं आडनाव काय?"

पाना थांबला. म्हणाले, "आठवत नाही."

"बायकोचं आडनाव आठवत नाही?"

"नाही गं आठवत," असं म्हणून हात पुसत पुसत हे बाहेर निघून गेले. नळ तसाच उघडा पडला.

आठवत नाही म्हणे! मला काय कुक्कुलं बाळ समजतात? लिफ्टच्या कुठल्या मॉडेलला कुठला बोल्ट लागतो ते या माणसाला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. सांगायचं नाही म्हणा की. ते नाव माझ्या कानावर पडलं तर विटाळेल असं वाटत असेल. त्या संध्याकाळी मी आमटी करपवली, मुद्दाम नाही, पण करपली.

चष्मेवालीचं ऐकायचं ठरवलं आणि नणंदेला फोन लावला. नणंद तेव्हा शाळेत होती, आणि बोलायला तिला निमित्तच लागतं. "अय्या वहिनी, तुम्ही विचारताय?" असं म्हणाली, आणि मग धबधबाच सुरू झाला. आडनाव सांगितलं. वडील बस कंडक्टर होते, ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, असंही सांगितलं. "मला सायकल शिकवली तिनं," नणंद म्हणाली. "मागून धरते म्हणाली आणि सोडून दिलं. मी पडले तर स्वतःच हसत बसली."

मला नणंदेनं कधी सायकल शिकवू दिली नसती. माझ्या लग्नात ती नाक मुरडून बसली होती. का, तेही आता कळलं.

नवीन आडनाव घेऊन मी लायब्ररीत गेले. या खेपेला पहिल्याच फटक्यात सापडली.

सरकारी खात्यांच्या क्रीडास्पर्धांची बातमी होती. टेलिफोन खात्यातल्या बायकांचा रस्सीखेच संघ. फोटो जुना, धुरकट, पण चेहरे दिसत होते. खाली डावीकडून नावं दिली होती. ती सगळ्यात शेवटी, दोर कमरेला गुंडाळून, टाचा जमिनीत रोवून जवळजवळ आडवी झालेली. तोंड उघडं. कान हे एवढे बाहेर आलेले. वेणी सुटलेली.

मी किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. म्हटलं तर मला आनंद व्हायला हवा होता, कारण ती काही देखणी नव्हती. माझे नाकडोळे तिच्यापेक्षा शंभर पटीनं नीट आहेत, हे मी स्वतः सांगते. पण झालं उलटंच. रूपावर भाळले असते तर समजलं असतं. रूप काय, उतरतं. एवढ्या मोठ्या कानांच्या बाईला जर हा माणूस तीस-पस्तीस वर्षं मनात धरून बसला असेल, तर ते प्रेम खरंच असणार. त्याला माझ्याकडे काय औषध होतं?

फोटोतल्या नावांमध्ये तिच्याच आडनावाची आणखी एक होती, डावीकडून दुसरी. चष्मेवाली म्हणाली, "बहीण असेल. त्या साइटवर चौकशीचं पान असतं, तिथे टाकून बघा." मी तो फोटो टाकला आणि लिहिलं, 'यांना ओळखणारं कुणी आहे का?' दोन-तीन आठवडे काही नाही. मी रोज काउंटरखाली मोबाइल घेऊन बघायचे. मालक म्हणाले, "बाई, प्रेमात पडलात की काय?" मी म्हटलं, "उलटं झालंय हो माझं."

आणि एक दिवस उत्तर आलं. 'मी डावीकडून दुसरी. ती माझी थोरली. तुम्ही कोण?'

मी कोण! काय लिहू? शेवटी खरं तेच लिहिलं. वाटलं, संपलं आता, ही काही परत बोलणार नाही. तर तिनं दुकानाचा पत्ता पाठवला आणि लिहिलं, 'या ना.'

यांना खरं न सांगता गेले. मैत्रिणीकडे जाते म्हणाले. त्या बाईचं बटणांचं दुकान आहे. भिंतीभर लहान लहान खण, प्रत्येक खणावर एकेक बटण शिवलेलं. बाई साठीकडे झुकलेली, कान थोरलीसारखेच. मी दारात घुटमळले तर तिनं माझ्या कोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "वरून दुसरं बटण बदललेलं आहे तुमचं. जरा वेगळंय." माझ्या लक्षात आलं, ही माझ्याच जातीची आहे, म्हणजे डाग बघणारी. मला ती आवडली, आणि आवडली याचा रागही आला.

तिनं चहा मागवला आणि बोलायला लागली. मला काही विचारावंच लागलं नाही. जणू कुणीतरी येऊन विचारेल म्हणून इतकी वर्षं ती त्या खणांमध्ये सगळं लावून ठेवून बसली होती. थोरली शिट्टी वाजवायची, पुरुषासारखी, दोन बोटं तोंडात घालून. उंचीला घाबरायची, आणि नवरा मिळाला लिफ्टवाला. एक्सचेंजमध्ये साहेबांचा आवाज हुबेहूब काढायची आणि सगळ्यांना लवकर घरी सोडायची. तिला स्वयंपाक अजिबात येत नव्हता.

"अजिबात?" मी विचारलं.

"अहो, पाणी करपवायची."

सासूबाई, तुम्ही जिथे असाल तिथून ऐका! माझा अर्धा जीव तिथेच थंड झाला.

मग मी जे विचारायला गेले होते ते विचारलं. चहाचा कप हातात फिरवत, इकडेतिकडे बघत. "यांचं फार होतं का हो तिच्यावर?"

बटणवालीनं कप खाली ठेवला. "खरं सांगू का? कळायला वेळ कुठे मिळाला? भावोजी दिवसभर कामावर, ती रात्रपाळीला. जिन्यात भेटायचे एकमेकांना. ती मला म्हणायची, माणूस चांगला वाटतो गं, पण अजून ओळख व्हायचीय. आणि मग कावीळ झाली आणि आठवड्यात गेली." तिनं डोळे पुसले. "भावोजी आमच्याकडे थोडे दिवस येत राहिले. पण आले की नुसते बसायचे. आईला वाटायचं दुःखानं. मला वाटायचं, बिचाऱ्याला काय बोलावं तेच सुचत नाही."

परत येताना बसमध्ये मला हसू फुटत होतं. शेजारची बाई सरकून बसली. ओळखच झाली नव्हती! जिन्यात भेटायचे! आणि मी येडी, तीस वर्षं कशावर जळत होते?

घरी आले ते ताडताड. हे टेबलाशी बसून घड्याळाचा सेल बदलत होते. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं, लायब्ररी, फोटो, बटणवाली, सगळं. फोटो काढून पुढ्यात ठेवला. म्हटलं, बघू आता काय म्हणताय.

हे फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. मग विचारलं, "यातली कुठली?"

"अहो, शेवटची!"

"हो का," हे म्हणाले. पुन्हा बघितलं. आणि मग जन्मात पहिल्यांदा हा माणूस आपणहून बोलला. "मला तिचा चेहरा आठवत नाही गं. दोन-तीन वर्षांतच विसरलो. कुणी तिचं नाव काढलं की मला लाज वाटायची, बायकोचा चेहरा आठवत नाही म्हणजे काय माणूस मी. म्हणून बोलायचोच नाही."

म्हणजे ते गप्प बसणं प्रेमाचं नव्हतं, त्याच्या पोटात काहीच नव्हतं. मी उठले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वरवर दया दाखवली, पण आत ढोल वाजत होते. जिंकले मी! पत्नी २ असेन, पण १ वर तर कुणीच नव्हतं. त्या दिवशी मी जेवले किती म्हणता!

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता हे म्हणाले, "रस्सीखेचात खरंच शेवटी उभी राहायची का गं ती?"

"हो."

"शेवटी सगळ्यात जोरदार माणूस लागतो," हे म्हणाले, आणि आरशात बघून स्वतःशीच हसले.

त्यानंतर हे रोजचंच झालं. आज शिट्टी कशी वाजवायची ते विचारायचं. उद्या साहेबांचा आवाज. फोटो आपल्या मोबाइलवर पाठवायला लावला. एकदा मी लाँड्रीतून घरी आले तर हा साठी उलटलेला माणूस गॅलरीत उभा, तोंडात दोन बोटं, आणि नुसता फूस फूस वारा निघतोय. मला बघून लाजले. माझ्यासमोर हे शेवटचे कधी लाजले होते, मला आठवत नाही. नणंदेला यांनी स्वतः फोन केला आणि सायकलीची गोष्ट ऐकून एवढे हसले की ठसका लागला. लेकीला विचारून साइट कशी चालवायची ते शिकले. 'पत्नी १'ची चौकट भरत गेली, आज दोन ओळी, उद्या चार ओळी. माझ्या चौकटीत नाव आहे आणि जन्माचं वर्ष आहे, बाकी पांढरं. तेवढंही लेकीनं भरलंय.

कुठून मला बुद्धी झाली! ती कुठेच नव्हती हो. यांच्या मनात नव्हती, भिंतीवर नव्हती, कुणाच्या जिभेवर नव्हती. मी माझ्या जेवणाच्या सुट्ट्या घालवून तिला शोधून काढलं, हाताला धरून घरात आणलं आणि यांच्या शेजारी बसवलं. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायला लोकांना निदान धोंडा तरी विकत आणावा लागतो. मला तोही फुकट मिळाला. आणि आता मी खऱ्या अर्थानं जळायला लागले. आधीचं जळणं नुसतं धुराचं होतं.

काल संध्याकाळी भाजी निवडत बसले होते. हे येऊन समोर बसले, मेथीची एक काडी हातात घेतली, आणि म्हणाले, "आणखी काय सांगितलं गं त्या बहिणीनं?"

बहिणीनं सांगितलेलं सगळं केव्हाच सांगून झालं होतं. मी म्हणणार होते, संपलं. पण वर पाहिलं तर हे पुढे झुकून बसले होते. डोळे माझ्या तोंडावर लागलेले. तीस वर्षांत या माणसानं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"सांगितलं की," मी म्हणाले. "लहानपणची एक गोष्ट आहे तिची."

"सांग ना."

"नऊ-दहा वर्षांची असेल. शेजारी एक न्हावी राहायचा." माझे वडील न्हावी होते. त्यांना मी एका वाक्यात शेजारी करून टाकलं. "तो दुपारी झोपला की ही त्याच्या दुकानात शिरायची. एकदा गल्लीतल्या सगळ्या पोरांना तिनं ओळीनं बसवलं, आणि सगळ्यांचे केस कापले. कुणाचं डोकं अर्धंच केलं, कुणाच्या मागे नुसती पायवाट. एका पोरीच्या भुवया पण कापल्या."

"भुवया!" हे म्हणाले आणि मांडीवर हात मारला.

"मग सगळ्यांच्या आया आल्या. दुकानासमोर रांग लागली, शिव्या द्यायला. आणि न्हाव्याला वाटलं गिऱ्हाइकं आलीत. त्यानं सगळ्यांना म्हटलं, बसा, बसा."

हे हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. माझेही डोळे भरले होते, पण मी मेथीत मान घातली होती. माझे वडील मग मला ओरडले नाहीत. त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि सगळ्या आयांना म्हणाले, हात बघा पोरीचा, किती सरळ कापते. ते मी नाही सांगितलं. तेवढं माझ्याकडेच ठेवलं.

हसून झाल्यावर यांनी डोळे पुसले. हातातल्या काडीची सगळी पानं त्यांनी खुडून टाकली होती. मग हळूच म्हणाले, "काय बाई होती गं. माझ्याच घरात होती, आणि मी कधी काही विचारलंच नाही तिला."

"नाही विचारलंत," मी म्हणाले.

"आणखी आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "खूप आहे."